स्वभाव गळ्यात नसतो: गायनवृंदातल्या चारही आवाजांचा जाहीरनामा

आम्ही सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस. चर्चच्या माडीवर, शाळेच्या सभागृहात, कुणाच्या तरी दिवाणखान्यात कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद करून गाणारे. आमच्यातले बरेचजण दिवसभर बँकेत, शाळेत, दवाखान्यात राबतात आणि संध्याकाळी लोकल पकडून प्रॅक्टिसला येतात. गाण्याचे पैसे आम्हाला मिळत नाहीत. तरीही येतो, कारण चार वेगळ्या चाली एका क्षणी एकमेकींत बसतात तेव्हा जे घडतं, ते एकट्या गळ्याला कधीच साधत नाही.

आज आम्ही एक चळवळ सुरू करत आहोत. तिचं म्हणणं एवढंच: क्वायरमध्ये माणसाचा जो ‘स्वभाव’ दिसतो तो त्याच्या गळ्यातून येत नाही. त्याला गायला दिलेल्या ओळीतून येतो. आणि ओळ बदलता येते.

तक्रार कसली आहे

क्वायरशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भजनात सगळे एकच चाल गातात, कुणी वरच्या सप्तकात, कुणी खालच्या. चार आवाजांच्या गाण्यात चार ओळी एकाच वेळी चालतात. बायकांचा किंवा मुलांचा उंच आवाज म्हणजे सोप्रानो, त्याखालचा आल्टो, पुरुषांचा उंच आवाज टेनर आणि सगळ्यांत खालचा बेस.

या चार आवाजांवर जगभर विनोद चालतात. लाइपझिगपासून मडगावपर्यंत कुठल्याही प्रॅक्टिसला चहाच्या वेळी ते ऐकू येतील. सोप्रानो म्हणजे मिरवणारी: उशिरा येणार, पहिल्या रांगेत उभी राहणार, नोटेशन वाचणार नाही आणि शेवटचा उंच सूर सगळ्यांच्या नंतर सोडणार. आल्टो म्हणजे सोशिक: वेळेवर येणार, पेन्सिल तिच्याकडेच असणार, सगळं बरोबर गाणार आणि कुणाला ऐकू येणार नाही. टेनर म्हणजे लाडावलेला: गळ्याला मफलर, घसा कायम बसलेला, आणि सर्दी झाली की अख्खा कार्यक्रम धोक्यात. बेस म्हणजे मागच्या बाकावरचा भला माणूस: गप्पा मारणार, एंट्री चुकवणार, तरी कुणी रागावणार नाही.

आम्हीही या विनोदांवर पोट धरून हसलो आहोत आणि पुढेही हसू. त्यांच्यात निरीक्षण आहे. सोप्रानो खरंच वाचनात कच्च्या सापडतात, आल्टो खरंच पक्क्या असतात. आमची तक्रार विनोदाच्या निष्कर्षाबद्दल आहे. ‘ती तशीच असते’ असं ठरलं की तिला दुसरं काही शिकवायचं कारण उरत नाही. सोप्रानोला वाचायला कुणी सांगत नाही, आल्टोला चाल कुणी देत नाही, टेनरला ओरडू नको असं कुणी म्हणत नाही आणि बेसकडून कुणी नाजूकपणाची अपेक्षा ठेवत नाही. चार माणसं चार खुर्च्यांमध्ये अडकून पडतात. म्हणून प्रत्येक आवाजावरच्या आरोपाला आम्ही इथे उत्तर देत आहोत.

सोप्रानोबद्दल

माणसाचा कान वरचा सूर आधी टिपतो. म्हणून स्तोत्रांच्या वहीत चाल बहुतेकदा सर्वांत वरच्या ओळीत असते. चाल मिळाली की ती ऐकून पाठ होते आणि वाचायची गरजच पडत नाही. शिवाय जी ओळ सगळ्यांना ऐकू येते, तिच्यावर सगळ्यांचं लक्षही असतं. सोप्रानोचा तथाकथित तोरा या दोन गोष्टींतून जन्मतो.

तो बाईच्या जातीचा गुण आहे असं म्हणणाऱ्यांनी इतिहास पाहावा. युरोपातल्या चर्चमध्ये शेकडो वर्षं सोप्रानोची ओळ मुलग्यांनी गायली. 1903 मध्येही पोप दहावे पायस यांनी स्त्रियांना उपासनेच्या गायनवृंदात जागा नाही, उंच आवाज हवे असतील तर मुलगे घ्या, असा आदेश काढला होता. स्वतः संगीतकार बाख 1700 साली ल्युनेबुर्गच्या शाळेत दाखल झाले ते सोप्रानो म्हणून, आणि थोड्याच काळात त्यांचा आवाज फुटला. हायडन व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलमध्ये आवाज फुटेपर्यंत वरची ओळ गात होते. काल सोप्रानो असलेला मुलगा आज खालच्या ओळीत जाऊन उभा राहतो. एका वर्षात त्याचा स्वभाव बदलला का? बदलली ती ओळ.

आणि या ओळीतले कष्टही मोजा. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीत सोप्रानोंना उंच ए इतका वेळ धरून ठेवावा लागतो की एकेकीचा श्वास संपतो. मग शेजारणींनी आळीपाळीने श्वास चोरून तो सूर जिवंत ठेवायचा असतो. स्वतःपुरतं पाहणाऱ्या बायकांना हे जमणार नाही.

आल्टोबद्दल

हार्मनीच्या पहिल्या काही धड्यांतच एक नियम शिकवतात: एका स्वरमेळातून दुसऱ्यात जाताना दोन्हींत समान असलेला सूर शक्यतो त्याच आवाजात ठेवा, बाकीच्यांना जवळच्या सुरावर सरकवा. वर चाल असते, खाली पाया असतो. त्यामुळे जागेवर थांबून राहण्याचं काम मधल्या आवाजांकडे येतं, आणि सगळ्यांत जास्त आल्टोकडे. तोच सूर पाच वेळा, मग एक पायरी खाली, मग पुन्हा तोच. गुणगुणत घरी न्यावं असं हाती काही लागत नाही. त्यामुळे आल्टोला वाचावं लागतं, मोजावं लागतं आणि शेजारी दुसरीच चाल वाजत असताना आपला सूर धरून ठेवावा लागतो. क्वायरमधलं हे सर्वांत अवघड काम आहे. त्याला ‘सोशिकपणा’ म्हणणं ही कौशल्याची चोरी आहे.

आल्टो मुकाट सोसते हेही खरं नाही. 7 मे 1824 रोजी व्हिएन्नात नववी सिंफनी पहिल्यांदा सादर झाली तेव्हा आल्टोची एकल ओळ कारोलिन उंगर गात होत्या. सरावाच्या काळात ओळ फार उंच आहे म्हणून त्यांनी बेथोव्हेनशी वाद घातला होता. बेथोव्हेन बधले नाहीत, तरी उंगर गायल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला तो बहिऱ्या बेथोव्हेनना ऐकू येईना. तेव्हा त्यांना धरून श्रोत्यांकडे वळवलं ते याच आल्टोने. आजूबाजूला काय चाललं आहे हे टिपत राहण्याची सवय मधल्या ओळीने त्यांना दिली होती असं आम्ही मानतो.

आपल्या भागात आल्टोचा आणखी एक तोटा होतो. आपल्या संगीतात एक मुख्य गायक आणि बाकी साथ अशी मांडणी कानात इतकी मुरलेली आहे की नवीन माणूस क्वायरमध्ये आला की पहिला प्रश्न विचारतो, ‘मुख्य चाल कुणाकडे?’ सोप्रानोकडे, असं कळलं की बाकीचे तिघे त्याच्या लेखी साथीदार होतात. मांडो हा गोव्यातला गाण्याचा प्रकार ऐकलेल्याला हे पटणार नाही. तिथे दुसरा आवाज पहिल्याच्या खाली तिसऱ्या किंवा सहाव्या सुराच्या अंतराने चालतो आणि लग्नघरात कागदाशिवाय, कानाने, आपोआप गायला जातो. तो दुसरा आवाज काढून टाका, मांडो मांडो राहत नाही.

टेनरबद्दल

बहुतेक प्रौढ पुरुषांचा आवाज मध्यम असतो, म्हणजे बॅरिटोन. खरे उंच आवाज थोडे. त्यामुळे प्रत्येक क्वायरला टेनर कमी पडतात आणि जो सापडेल त्याला जावयासारखं वागवलं जातं. उशीर चालतो, दांडी चालते, चूक झाली तर कंडक्टर हसून सोडून देतात. इतके लाड झाले की कुणीही लाडावेल.

दुसरं कारण शरीराचं. छातीचा आवाज संपून डोक्याचा आवाज सुरू होतो त्या सांध्याजवळच टेनरची बरीचशी ओळ फिरत असते. तिथे तंत्र कच्चं असेल तर माणूस ओरडतो किंवा घाबरतो. ज्याला आपण नखरा म्हणतो तो बऱ्याचदा भीतीचा प्रकार असतो.

उंच सूर छातीतून फेकून टाळ्या घेणारा टेनर क्वायरमध्ये जन्मलेला नाही. 1837 मध्ये पॅरिसमध्ये झिल्बेर द्युप्रे यांनी रोसिनींच्या ‘ग्वीयोम तेल’ या ऑपेरात वरचा सी छातीच्या आवाजात गायला आणि तेव्हापासून ती फॅशन पसरली. रोसिनींना स्वतःला तो आवाज मुळीच आवडला नव्हता. त्याच्या कितीतरी शतकं आधी, मध्ययुगातल्या बहुस्वरी रचनांमध्ये, टेनरकडे मूळ स्तोत्राची चाल लांबलचक सुरांत धरून ठेवण्याचं काम असे. बाकीच्यांनी त्यावर नक्षी काढायची. हा वारसा संयमाचा आहे, आणि आमच्या टेनरना आम्ही तोच शिकवणार.

भारतातल्या कितीतरी क्वायरमध्ये टेनरची ओळ खालच्या आवाजाच्या बायका भरून काढतात. त्यांना ‘तात्पुरत्या’ म्हटलेलं यापुढे चालणार नाही. टेनरची ओळ गाते ती टेनर.

बेसबद्दल

बेस मंद असतो, मागून येतो, असं म्हणतात. हेंडेलचा ‘मसीहा’ उघडा. 1742 मध्ये डब्लिनमध्ये पहिल्यांदा गायल्या गेलेल्या या रचनेतला ‘हालेलुया’ नाताळात मुंबई-गोव्यातही घुमतो. त्याच्या उत्तरार्धात फ्यूगसारखा एक भाग सुरू होतो. तिथे पहिलं पाऊल बेस टाकतात. तीच चाल मग टेनर घेतात, मग आल्टो आणि शेवटी सोप्रानो. तिथे बेस झोपले तर कुणीच सुरू करू शकत नाही.

बेसची ओळ उड्या मारत चालते कारण स्वरमेळाचा पाया तिच्यात असतो. बाकीच्यांनी सूर लावायचा तो त्या पायावर. बेस केसभर खाली गेला तर सगळी इमारत त्याच्याबरोबर खाली जाते, आणि दोष मात्र वरच्यांना लागतो, कारण ऐकू तेच येतात. हे काम करणाऱ्याचा कान कच्चा असून चालत नाही.

नाजूकपणाचं विचाराल तर राखमानिनोव्ह यांची 1915 ची ‘रात्रभराची उपासना’ ऐका. तिच्या पाचव्या भागाच्या शेवटी बेस एकेक पायरी उतरत पार खालच्या बी फ्लॅटपर्यंत जातात, तेही अगदी हळुवार आवाजात. असे बेस आणायचे कुठून, अशी शंका मॉस्कोच्या सिनोडल क्वायरचे कंडक्टर दानिलिन यांनी संगीतकाराकडे काढली होती. बेस मिळाले, आणि तो भाग राखमानिनोव्ह यांचा इतका लाडका झाला की आपल्या अंत्यविधीला तोच गायला जावा अशी इच्छा त्यांनी सांगून ठेवली होती.

मधल्या माणसांबद्दल

आमच्या चळवळीचं सर्वांत मोठं कारण इथे आहे. बहुतेक बायकांचा आवाज मेझो, म्हणजे मधला असतो. बहुतेक पुरुषांचाही मधलाच. चार आवाजांच्या क्वायरमध्ये मधल्याला खुर्चीच नाही. मग पहिल्या दिवशी कुठली रांग रिकामी आहे, नोटेशन वाचता येतं का, मैत्रीण कुठे बसली आहे, अशा कारणांवरून कुणी सोप्रानो होते, कुणी आल्टो. ‘वाचता येतं? मग आल्टोत बस,’ हे वाक्य आमच्यातल्या कितीजणींनी ऐकलं आहे! पुढची वीस वर्षं तिच्या स्वभावाचं स्पष्टीकरण त्या एका खुर्चीवरून दिलं जातं.

वयाबरोबर आवाज उतरतो. साठीच्या आसपास कितीतरी सोप्रानोंना आल्टोत ‘पाठवलं’ जातं, तेही सगळ्यांसमोर, एका वाक्यात. त्या संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा न आलेल्या बायका आम्हाला माहीत आहेत. आवाज फुटलेल्या मुलांना ‘दोन वर्षांनी ये’ म्हणून परत धाडलं जातं. त्यातले बहुतेक येत नाहीत, आणि मग आपण टेनर नाहीत म्हणून रडतो. या माणसांचं क्वायरमधून गळून जाणं आम्हाला मान्य नाही.

आमचे ठराव

1. प्रत्येक नव्या गाण्याचा सराव वेगळ्या आवाजापासून सुरू होईल. दर वेळी आधी सोप्रानो ही पद्धत आम्ही सोडत आहोत.

2. महिन्यातून एका प्रॅक्टिसला ओळींची अदलाबदल होईल. सोप्रानो आल्टोची ओळ गातील, बेस वरची चाल आपल्या सप्तकात गातील. ही ओळ कार्यक्रमात गायची नाही. शेजाऱ्याचं काम काय आहे ते कळण्यासाठी गायची.

3. नोटेशन सगळ्यांनी शिकायचं. सोप्रानोंना सूट नाही. ज्यांना येतं त्यांनी शेजाऱ्याला शिकवायचं, टोमणे न मारता.

4. चाल बसली की रांगा मोडायच्या आणि चार वेगवेगळ्या आवाजांची माणसं शेजारीशेजारी उभी करून गायचं. आपल्या आवाजाच्या गर्दीत लपता येत नाही तेव्हाच आपली ओळ खरी येते.

5. प्रत्येक कार्यक्रमात एक तरी रचना अशी असेल जिच्यात चाल मधल्या किंवा खालच्या आवाजाकडे आहे.

6. आवाजाची तपासणी वर्षातून एकदा, दार लावून, आदराने होईल. ओळ बदलायची तर गाणाऱ्याशी बोलून. वर जाणं ही बढती नाही, खाली येणं ही शिक्षा नाही.

7. आवाज फुटलेल्या मुलाला परत पाठवायचं नाही. जे चार सूर लागतात ते त्याने गावेत. बाकीच्या ओळीत त्याने ऐकावं, मोजावं, पानं उलटावीत, पण खुर्ची त्याची राहील.

8. टेनर कमी म्हणून टेनरचे लाड बंद. वेळ सगळ्यांना सारखी. त्याच्या गळ्याची काळजी मात्र नीट घ्यायची: उंच जागा ओरडून नव्हे, हलक्या आवाजाने शिकवायची.

9. चूक झाली की कंडक्टरने जागा सांगावी, स्वभाव सांगू नये. ‘आल्टो, दुसऱ्या ओळीत तिसरा सूर खाली आहे’ हे चालेल. ‘पुन्हा तुम्हीच ना!’ हे चालणार नाही.

10. विनोद चालू राहतील, पण प्रत्येकाने आपल्याच आवाजावर करायचे. सोप्रानोवरचा सर्वांत चांगला विनोद सोप्रानोच करू शकते.

आक्षेपांना उत्तर

कंडक्टर म्हणतील, एवढा वेळ कुठे आहे, कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला. आमचं उत्तर असं की वेळ आताही जातोच आहे. एका आवाजाची ओळ बसवताना बाकीचे तिघे मोबाईल बघत बसलेले असतात. त्यांनी ती ओळ तोंडातल्या तोंडात म्हटली तर त्यांना आपली एंट्री कुठल्या सुरानंतर येते ते कायमचं कळेल. निम्म्या चुका तिथेच संपतील.

कुणी म्हणेल, हे सगळं फार आदर्शवादी आहे. 23 ऑगस्ट 1730 रोजी बाख यांनी लाइपझिगच्या नगरपरिषदेला एक निवेदन दिलं. त्यात त्यांनी मागणी केली की प्रत्येक गायनवृंदात किमान तीन सोप्रानो, तीन आल्टो, तीन टेनर आणि तितकेच बेस असावेत, म्हणजे कुणी आजारी पडलं तरी दोन गटांत गायचं गाणं अडणार नाही. चार-चार मिळाले तर उत्तमच. आठवड्यामागून आठवडा नवं संगीत उभं करणारा अत्यंत व्यवहारी माणूस हे लिहीत होता. चारही आवाज सारखे, कुणी नसला की सगळ्यांचंच अडतं: आमचीही मागणी एवढीच आहे.

आणि कुणी म्हणेल, आपल्याकडे क्वायर आहेतच किती. आहेत. व्हिक्टर परंज्योती यांनी 1956 मध्ये मुंबईत परंज्योती अकॅडमी कोरस उभा केला, त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी तो अनेक दशकं चालवला. सलील चौधरींनी बॉम्बे यूथ क्वायर सुरू केला आणि आपल्या भाषांतली गाणी अनेक आवाजांत बांधली. गोव्यात गावोगावच्या चर्चमध्ये मेस्त्रांनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, पिढ्यानपिढ्या मुलांना सोल्फेज, म्हणजे सुरांची नावं घेत नोटेशन गायला, शिकवलं. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ‘उपासना संगीत’ हे स्तोत्रांचं पुस्तक आजही हातात असतं. जमीन तयार आहे. तिच्यावर उगवणारा माणूस पहिल्याच दिवशी एका साच्यात बसू नये, यासाठी ही चळवळ आहे.

आवाहन

या चळवळीला वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, फॉर्म नाही. जो गातो तो सभासद. आजवर कुणी ‘तुझा आवाज नाही’ म्हणून परत पाठवलं असेल तर तुम्ही आमचे पहिले सभासद आहात. जवळच्या क्वायरचा पत्ता शोधा आणि पुन्हा जा.

जे आधीपासून गात आहेत त्यांच्याकडे एकच मागणं आहे. येत्या प्रॅक्टिसला दहा मिनिटं आधी या. ज्या आवाजावर तुम्ही सर्वांत जास्त हसला असाल, त्या आवाजातल्या एकाला किंवा एकीला बाजूला घ्या आणि म्हणा, ‘मला तुझी ओळ शिकव.’ ती पूर्ण शिका, शेवटच्या सुरापर्यंत. मग आपल्या रांगेत परत जा आणि गा.